फोटोवरची अर्धी सही

सांगलीला मावशीच्या स्वयंपाकघराच्या दारावर, आतल्या बाजूला, मी खडूनं वेळापत्रक लिहिलं होतं. मावशी शिक्षिका, त्यामुळे घरात खडूंना तोटा नव्हता. पावणेसातला मावशी आणि मधला मुलगा, कारण दोघांची शाळा सकाळची. साडेसातला काका, सायकलवरून कुपवाडच्या कारखान्यात. साडेदहाला धाकटा. साडेअकराला थोरली, तिची मुलींची शाळा दुपारची. प्रत्येकाच्या नावापुढं डब्यात काय, कुणाची पी.टी. कधी, कुणाला पांढरे बूट कुठल्या वारी, सगळं लिहिलेलं. आणि सगळ्यात खाली, जरा बारीक अक्षरात, तीन ते साडेचार: 'मी'.

तो दीड तास माझा होता. त्या दीड तासासाठी मी ते अख्खं घर अंगावर घेतलं होतं.

आमचं गाव कोरेगावपासून तीन मैलांवर. दहावीपर्यंत मी रोज चालत कोरेगावच्या शाळेत गेले. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची. दहावीचा निकाल लागला आणि आई म्हणाली, "बास झालं आता. लय शिकलीस." वडील काही बोलले नाहीत. आमच्या घरात वडील बोलले नाहीत म्हणजे आईचं म्हणणं पक्कं झालं, असं असायचं. मी चार दिवस रडून घर भिजवलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात मावशी आली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिच्या सासूबाई त्या हिवाळ्यात वारल्या होत्या, आणि तीन शाळकरी पोरं, नवरा नि नोकरी हे सगळं तिला एकटीला झेपत नव्हतं. ती आईला म्हणाली, "हिला वर्षभर माझ्याकडे दे. माझं घर बघेल. शाळेत नाव घालायला नको, मी तिला बाहेरून मॅट्रिकला बसवते. अभ्यास मीच घेईन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय गं, जमेल?"

जमेल का म्हणे! मी तिच्या पायाच पडले. निघायच्या दोन दिवस आधीच माझी ट्रंक भरून दारात तयार होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि मला कळलं, आपण कशाला हो म्हणालोय ते. दोन स्टोव्ह पेटवायचे, एखादा तुंबला की पिन मारायची, एकावर चहा, दुसऱ्यावर पोळ्या. गहू कमी पडले की रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी. त्या लाल भाकरी डब्यात नेल्या की मुलं हसतात म्हणून मधला डबा तसाच परत आणायचा, आणि मी तो डबा त्याच्यासमोर उघडून ठेवून म्हणायची, "हे संपल्याशिवाय खेळायला पाय बाहेर टाकलास तर बघ." रॉकेलची रांग, नळाची वेळ, कपड्यांना नीळ, कोळशाची इस्त्री. धाकट्याला रोज शाळेत जाताना पोटात दुखायचं, रविवारी कधी दुखायचं नाही.

आणि कंपासपेटी! घरात कंपासपेटी एकच. मधला साडेअकराला शाळेतून सुटायचा आणि थोरली त्याच वेळी घरातून निघायची, म्हणून दोघांनी पिठाच्या गिरणीपाशी भेटून पेटी हातोहात द्यायची असा नियम मीच घालून दिला होता. दोघांचं आदल्या दिवशी भांडण झालेलं असलं की मधला मुद्दाम दुसऱ्या रस्त्यानं घरी यायचा. मग मी ती पेटी हिसकावून पदर खोचायची आणि थेट मुलींच्या शाळेच्या फाटकापर्यंत पळत सुटायची. शिपाई मला ओळखायला लागला होता. माझा आवाज आळीतल्या चार घरांना ऐकू जायचा आणि पोरं मला हेडमास्तरीण म्हणायची. म्हणू देत. धाकट्याच्या गोवराचे दिवस सोडले तर त्या वर्षी एकाचाही एक दिवस खाडा झाला नाही.

मावशी साडेबाराला यायची. जेवण, जरा आडवं होणं, आणि तीन वाजता ती तांदूळ निवडायला घेऊन बसायची. "हं, म्हण." मी प्रमेय म्हणायची. ती मान न उचलता ऐकायची आणि चुकलं की तांदळातला खडा बाहेर टाकावा तशी तेवढी चूक बाजूला काढून दाखवायची. चांगली शिक्षिका होती, खोटं कशाला बोलू. भूमिती मला तिनंच शिकवली. आजही येते.

ऑक्टोबरमध्ये तिनं फॉर्म आणला. बाहेरून बसणाऱ्यांना ओळखीसाठी फोटो लागतो, असं ती म्हणाली. मग दोन वेण्या पुढं घेऊन मी स्टुडिओत जाऊन बसले. तीन प्रती मिळाल्या. एक गावाला पाठवली, ती आईनं देवाच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या प्रतीवर धाकट्यानं शाईनं मिशा काढल्या आणि वर डोक्याला शिंगंही काढली. त्याला मी असा धुतला की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसरी प्रत मी कणकेची खळ करून फॉर्मवर चिकटवली.

"आता सही," मावशी म्हणाली. "अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर. म्हणजे कुणी फोटो काढून दुसरा लावला तर कळतं."

मला सही नव्हतीच. तोवर लागली होती कुणाला? आठवडाभर धाकट्याच्या जुन्या वहीवर मी सहीचा सराव केला होता. पहिलं अक्षर मोठं, मग वळण घेत खाली, शेवटी एक रेघ. त्या दिवशी हात धुऊन, पुसून, श्वास रोखून मी ती केली. नावाचा पुढचा भाग फोटोवर, माझ्या खांद्यावरून गेलेला, आणि मागचा कागदावर. मावशी म्हणाली, "अरे वा, मामलेदारीण झालीस की!" मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं आणि कुणी काही बोललं नाही.

फॉर्मवर वडिलांची सही हवी होती. दिवाळीत मावशी दोन दिवस आमच्या गावी जाणार होती, ती म्हणाली, "सही मीच घेऊन येते आणि आल्यावर परस्पर भरून टाकते." मी सांगलीलाच राहिले. काकांना आणि पोरांना कोण बघणार? चकल्या तळत मी वाट बघत होते. ती आली, तशी पिशवी हातातून घेतानाच विचारलं, "भरायचाय ना फॉर्म?"

"उद्या शाळेतून येताना भरते." दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "भरला की. लाग आता अभ्यासाला."

मी लागले. पोरांच्या चाचणीचे पेपर, धाकट्याचा गोवर, काकांची बदललेली पाळी, या सगळ्यातून तीन ते साडेचार मी सोडले नाहीत. आणि मावशीही रोज तांदळाचं सूप घेऊन समोर बसत होती. "हं, म्हण." संक्रांतीला तिनं सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि माझ्या हातावर तिळगुळाबरोबर एक फाउंटन पेन ठेवलं, हिरवं, सोनेरी टोपणाचं. "पेपरला हेच घे. आतापासून हात बसव." मी ते पेन रात्री उशाशी घेऊन झोपले. सोळा-सतरा वर्षांची मुलगी मी, पेन उशाशी घेऊन झोपले. त्याची आज लाज वाटते का? नाही. लाज दुसऱ्या कुणाला तरी वाटायला हवी होती.

फेब्रुवारीत मी बैठक क्रमांकाचं विचारायला लागले. मावशीच्या शाळेतल्या मुलींची ओळखपत्रं आली होती. "बाहेरून बसणाऱ्यांना उशिरा देतात," ती म्हणाली. दोनदा विचारलं, दोनदा तेच. शिक्षिकेच्या तोंडचं, मी खरं मानलं.

आणि मग एका शनिवारी ती म्हणाली, "उद्या तुझे आईवडील येतायत. पाहुणेही येतायत. पाटणकडचे लोक आहेत, मुलगा मिलिटरीत आहे."

"परीक्षा तोंडावर आलीय आणि आत्ता कसला कार्यक्रम?"

"अगं, बघून जातील. बघितल्यानं झिजणार आहेस का?"

पाहुणे म्हणजे मुलाचे वडील आणि चुलते. मुलगा लांब सरहद्दीवर होता. त्याचे वडील स्वतः पलटणीत राहून आलेले, ताठ बसलेले, बोलायला मात्र मोकळे. मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर गेले तेव्हा ते खिशातून एक पाकीट काढत होते.

"ह्यो फोटू परत घ्या," ते माझ्या वडलांना म्हणाले. "पोराला धाडला हुता, त्यानं बघून माघारी लावला. पसंत हाय म्हनतोय."

माझ्या वडलांनी फोटो घेतला आणि ताट पुढं करायला वाकलेल्या माझ्या हाताजवळच, सतरंजीवर ठेवला. मी बघितलं. दोन वेण्या. मिशा नाहीत. म्हणजे धाकट्यानं खराब केलेला नव्हे. गावचा असेल म्हणावं तर खांद्यावरून शाईची वळणं गेलेली. मोठं पहिलं अक्षर, मग खाली येणारं वळण, आणि फोटोच्या कडेला ते एकदम तुटलेलं. अर्धी सही.

मी ताट खाली ठेवलं आणि फोटो उचलून उलटा केला. मागं माझ्या कणकेची खळ वाळलेली होती आणि तिला फॉर्मचा पातळ पापुद्रा तसाच चिकटून आला होता, त्यावरची छापील अक्षरंसुद्धा.

मी मावशीकडे बघितलं. ती आईकडे बघत होती.

"पोरगं काय लिव्हतंय म्हाइत हाय का?" मुलाचे वडील कौतुकानं सांगत होते. "म्हनतंय, फोटूवरची सई लय झकास हाय. मॅट्रिकला बसनारी हाय तर पेपर हुईस्तवर कुनी घाई करू नगा. त्याला शिकलेलीच पायजे हुती. आमी बी म्हनलं, पेपर आधी, साखरपुडा मागनं." मग ते थेट माझ्याकडे वळले. "कवापासनं हायत गं पेपर?"

"मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात," मावशी म्हणाली. क्षणाचाही वेळ न घालवता.

तिथं मी बोलायला हवं होतं. तोंडाचा पट्टा चालवणारी मी, चार घरांना ऐकू जाणारा माझा आवाज. एवढंच म्हणायचं होतं, की माझा फॉर्म भरलेला नाही. समोर बसलेला माणूस चांगला होता, त्याचा मुलगा थांबायला तयार होता, कदाचित वर्षभरही थांबला असता. पण माझी आई पदर तोंडाशी धरून माझ्याकडे बघत होती, वडील खाली मान घालून बसले होते, आणि मी खाली बघितलं. पाहुण्यांना वाटलं, पोरगी लाजली.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात मावशीला गाठलं. फोटो तिच्यासमोर धरला. "हे काय आहे?"

ती कपबशा विसळत राहिली. "तुझ्या आईला विचार."

आई दारातच उभी होती. "मीच नगं म्हनलं हुतं," ती म्हणाली. "दिवाळीला कागद आणला तवाच. मॅट्रिक झालीस की कालेज म्हनशील. मग कुनाला गावनार तू? देवाच्या फळीवरचा समईच्या तेलानं डागाळला हुता, म्हनून ह्यो फोटू तेवढा काढून घे म्हनलं, पावण्यांना दावायला हुईल."

"आणि कागद?"

"चुलीत."

मी मावशीकडे वळले. आईचं मला समजत होतं. आई मे महिन्यापासून नकोच म्हणत होती, तोंडावर म्हणत होती. "पण तू? दिवाळीपासून रोज माझे धडे घेतलेस ना गं? रोज? पेन दिलंस मला! मला सांगितलं का नाहीस?"

मावशीनं हात पुसले. "सांगितलं असतं तर तू राहिली असतीस? पोरांच्या परीक्षा एप्रिलमध्ये आहेत." आणि मग जरा मऊ होऊन म्हणाली, "शिकलेलं कुठं वाया जात नाही गं."

मी तिला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. काका बाहेरून "अगं हळू" म्हणाले एवढं आठवतं. मग मी ओलं फडकं घेतलं आणि दारावरच्या वेळापत्रकातली शेवटची ओळ पुसून टाकली. बाकीच्या ओळी तशाच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि पावणेसातला मधल्याला डबा लागणार होता.

लोक विचारतील, मी निघून का गेले नाही? कुठं जाणार? आईकडे? मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हातात ओळखपत्रं नि पट्ट्या मिरवत मुली घोळक्यानं रस्त्यावरून जायच्या, तेव्हा मी गिरणीपाशी कंपासपेटी मधल्याकडून थोरलीकडे जातेय की नाही ते बघत उभी असायची. दोनदा मी पोस्टकार्ड घेऊन बसले. पाटणकडच्या त्या माणसाला लिहावं, की तुम्हाला सांगितलं ते खोटं आहे. हिरवं पेन उघडलं, पत्तासुद्धा लिहिला. दोन्ही वेळा फाडून टाकलं. स्थळ मोडलं असतं तर मी परत आईच्या नाहीतर मावशीच्या चुलीपाशीच आले असते, आणि त्या दोघींची तोंडं बघायची मला इच्छा नव्हती. हे खरं कारण. मला सुटायचं होतं, आणि सुटायला त्या माणसाचा मुलगा उपयोगी पडत होता.

एप्रिलमध्ये तिन्ही पोरं पास झाली. थोरली वर्गात दुसरी आली. मे महिन्यात माझं लग्न झालं.

नवरा दोन महिन्यांच्या रजेवर आला होता. शांत, बोलायला वडलांसारखाच मोकळा, आणि माझ्या शिक्षणाचं त्याला माझ्यापेक्षा जास्त कौतुक. शेजारच्यांना सांगायचा, "आमची मॅट्रिकचा निकाल लागायची वाट बघतीया." मी तव्यावरची भाकरी उलटायला वळायची. पलटणीत जवानांच्या पोरांसाठी बालवाडी होती, तिथं मॅट्रिक झालेल्या बायकांना शिकवायला घेतात, हे तो मला तीनदा सांगून बसला होता. रोज सकाळी मी ठरवायची, आज सांगू. रोज काहीतरी काम निघायचं.

तेव्हा निकाल वर्तमानपत्रात यायचा. नावं नाहीत, नुसते पास झालेल्यांचे नंबर, बारीक अक्षरात, पानंच्या पानं. जूनमधल्या त्या दिवशी तो सकाळच्या एस.टी.नं पाटणला गेला आणि दुपारी आला तो एका हातात पेपर आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. निकाल बघायच्या आधीच पेढे! ओसरीवर त्यानं पेपर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, आणि माझ्या ट्रंकेतून आणलेलं हिरवं पेन उघडून गुडघे टेकून बसला.

"सांग नंबर."

मी उभीच होते.

"आगं सांग की. इसरलीस व्हय?"

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं, दारावरच्या वेळापत्रकापासून चुलीत गेलेल्या कागदापर्यंत. मावशीचं सांगताना माझा आवाज इतका चढला की सासू आतून बाहेर आली आणि परत आत गेली. तो ऐकत राहिला. माझं संपल्यावर त्यानं खिशातलं पाकीट काढलं आणि त्यातून माझा फोटो काढला. लग्नानंतर तो त्यानं माझ्या वडलांकडून मागून घेतला होता. उलटा करून त्यानं मागचा पापुद्रा बोटानं चाचपला.

"म्हंजे आईनं तुला फसवलं."

"व्हय."

"मावशीनं फसवलं."

"व्हय. लय फसवलं."

त्यानं पेनाला टोपण लावलं. "आन् मला कुनी फसवलं?"

मी खाली बघितलं, पोह्यांचं ताट घेऊन गेले होते तेव्हा बघितलं होतं तसंच. या वेळी मी लाजलेय असं कुणालाही वाटलं नाही.